रागावून या

शुक्रवार, ६ जुलै २००१
अल ऐन

प्रिय केया,

सकाळी सहाला उठलो. चहा केला. गच्चीवरच्या टाकीचा बॉल-कॉक गळत होता, तो बदलला. मुगाची खिचडी लावली. अकराच्या सुमारास एक फोन आला. फोन झाल्यावर खिचडी खावीशी वाटली नाही, ती तशीच कुकरमध्ये आहे. चार वाजता मुरलीधरकाका पेढे घेऊन आले. मी त्यांच्यावर ओरडलो आणि पेढ्यांचा खोका जिन्यावरून खाली फेकला. ते निघून गेले. बाहेर अजून कडक ऊन आहे. एसीचा आवाज येतोय आणि मी तुला पत्र लिहायला बसलो आहे.

तुझा यावर विश्वास बसणार नाही. मुरलीधरकाकांचाही बसला नाही. ते पायरीवर उभे राहून माझ्याकडे नुसते बघत होते. समोरच्या कुबराआपा दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाईसाब, सब ख़ैरियत? इतने सालों में आज पहली बार आपकी आवाज़ सुनी." मी त्यांना सॉरी म्हणालो आणि आत आलो. मला वाटलं होतं की मला लाज वाटेल, पण वाटली नाही. अजूनही वाटत नाही.

आधी फोनचं सांगतो. फोन पीटर मास्तरांचा होता. तुझ्या आईच्या तोंडून हे नाव तू शंभरदा ऐकलं आहेस. पापुआमधल्या सिरुमे गावातले शाळामास्तर, तिथल्या भाषेचे शब्द टिपायला तिला घरोघरी घेऊन जाणारे. गावात अजूनही फोन नाही. होडीने एक दिवस प्रवास करून ते शहरात येतात आणि एका दुकानातून बोलतात. लाइन खरखरते. ते सावकाश इंग्रजी बोलतात, मीही सावकाश बोलतो. माझ्या इंग्रजीला तू हसतेस, पण पीटर मास्तरांचं आणि माझं बरोबर जुळतं.

मागचा फोन आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी आला होता. तेव्हा त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, "मिस्टर वसंत, तुम्ही रागावला आहात ना?" मी म्हणालो, नाही, नाही. कोणाचाही दोष नाही. तुम्ही सगळ्यांनी तिला फार प्रेमाने ठेवलंत, थँक यू. आपल्याकडे असंच बोलतात. समोरून कोणी खंत व्यक्त केली की आपण म्हणतो, तुम्ही काय करणार, तिचं आयुष्यच तेवढं. मी तेच बोललो. मग ते म्हणाले, "हे मी गावात जाऊन सांगू शकत नाही." आणि फोन ठेवला. त्या वेळी मला ते विचित्र वाटलं. मी काही वाईट बोललो नव्हतो.

आई असती तर तिने मला तिथल्या तिथे थांबवलं असतं. तुला आठवतं का, एकदा जेवताना तिने त्या लोकांची रीत सांगितली होती? आपल्याकडे माणूस गेलं की लोक घरी येऊन आपली समजूत घालतात. सिरुमेमध्ये उलट. ज्या गावामुळे माणूस गेलं त्या गावावर मेलेल्या माणसाचे घरचे लोक चालून येतात. ओरडतात, शिव्या देतात, केळीची झाडं तोडतात, कुंपण मोडतात, मडक्यांना लाथा मारतात. गावातले लोक माना खाली घालून बसून राहतात, एक शब्द उलट बोलत नाहीत. ओरडून ओरडून घरचे लोक दमले की त्यांना नारळपाणी देतात. मग सगळे एकत्र जेवतात आणि सगळ्यांत जवळच्या माणसाने उभं राहून गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. तोपर्यंत गावात ते नाव कोणी उच्चारायचं नाही. तू तेव्हा म्हणाली होतीस, "Cool! We should do that in Sangli." छायाआत्याकडे जाऊन केळी तोडायची कल्पना करून आपण तिघंही हसलो होतो.

तू तिच्यावर चिडायचीस तेही मला आठवतं. सगळ्यांच्या आया सुट्टीत मुलांना घेऊन गावी जातात आणि आपली आई एकटीच पापुआच्या जंगलात जाते. कंपनीच्या तिकिटावर आपण तिघं मुंबईपर्यंत बरोबर जायचो. तिथून तू आणि मी सांगलीची गाडी पकडायचो आणि ती दुसऱ्या विमानाने निघून जायची. १९९१ पासून एक उन्हाळा चुकला नाही. विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलींना इंग्रजी शिकवायची आणि वर्षभर वाट जुलैची बघायची. तू म्हणायचीस, "Mom, nobody speaks that language." ती म्हणायची, "दीडशे माणसं बोलतात गं. आपल्या बिल्डिंगमध्ये मराठी किती जण बोलतात? तीन. त्यातली एक इंग्रजीत उत्तर देते." एकदा त्यावर तू दार आपटून खोलीत गेलीस. मी वरणाला फोडणी देत राहिलो.

सिरुमेच्या भाषेत डावं-उजवं नाही, हे तिचं आवडतं उदाहरण होतं. नदीच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, असं म्हणतात. इथे नदी कुठली? म्हणून ती इथला डोंगर, जबल हफीत, धरून बोलायची. अहो, हफीतकडचा डबा द्या. केया, हफीतकडचा पाय सरळ कर. पाहुण्यांना वाटायचं, या बाईचं काहीतरी बिनसलंय. मी मात्र शिकलो होतो. अजूनही डबा हातात घेतला की डोंगर कुठे आहे ते आधी मनात येतं. या गोष्टीचाही मला राग येतो. ती हे मला लावून गेली आणि आता मी ते कोणाशी बोलू?

राग मला सगळ्यांचाच येतो, केया. तू एका ई-मेलमध्ये लिहिलं होतंस की बाबा, तुम्ही रडलासुद्धा नाहीत, तुम्ही तिचं नावसुद्धा घेत नाही, जणू ती कधी नव्हतीच. ती मेल मी ऑफिसमध्ये वाचली. बाजूला दोन जण पंपाच्या कोटेशनवरून भांडत होते. मी उत्तर लिहिलं, "टेक केअर, अभ्यास कर." त्या मेलचा राग मला अजून आहे. तू पुण्याला होस्टेलवर राहून माझ्याबद्दल असं ठरवून टाकलंस. इथे या दोन खोल्यांमध्ये मी कसा राहतो ते तू पाहिलेलं नाहीस.

लोकांचा राग येतो. दुबईच्या स्मशानातलं सगळं आटोपून आम्ही परत आलो तेव्हा इथल्या मराठी मंडळातली माणसं बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. तू आतल्या खोलीत पडून होतीस. एकाने विचारलं, नक्की कुठली भाषा होती हो वहिनींची? मी सांगितलं. ते म्हणाले, "एकाच गावात? म्हणजे पेपर नाही, सिनेमा नाही, काहीच नाही?" दुसरे म्हणाले, "आमच्या कंपनीच्या कॅम्पमध्ये एका मजल्यावर याहून जास्त माणसं राहतात." कोणीतरी हळूच हसलं. मी त्यांना चहा दिला. साखर कमी-जास्त विचारली. छायाआत्या फोनवर म्हणाली, "दादा, तू किती शांतपणे घेतलंस रे, तुझ्याकडून शिकावं." महिन्याभरात दहा जणांनी माझ्या शांतपणाचं कौतुक केलं. बाई गेली ती राहिली बाजूला आणि कौतुक माझं.

आणि तुझ्या आईचा राग येतो. सगळ्यांत जास्त तिचा. तिला मलेरिया आधी तीनदा झाला होता. तो कसा चढतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी परत आली आणि आठवड्याने अंगात ताप. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सुट्टीत कुठे गेला होतात? ती म्हणाली, इंडिया. दरवर्षीच्या सवयीने म्हणाली की कंटाळून म्हणाली, कोण जाणे. मला म्हणाली, "अहो, व्हायरल आहे, दोन दिवसांत उठते. चेहरा पाडून बसू नका." तिच्या बॅगेत मलेरियाच्या गोळ्या असायच्या. मी बॅग पाहिली. डबी रिकामी होती. मी विचारलं तर म्हणाली, संपल्या. मी पुढे काही विचारलं नाही, कारण आपल्या घरात तिच्या गावाबद्दल मी जास्त काही विचारत नसे. चौथ्या दिवशी पहाटे तिला कोणी ओळखू येईना. ती बोलत होती, पण सिरुमेची भाषा बोलत होती. मी तिचा नवरा, शेजारी बसलो होतो आणि तिचं शेवटचं बोलणं मला कळलं नाही. नर्सने मला विचारलं, मॅडम काय मागतायत? मी म्हणालो, माहीत नाही.

तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तू मुंबईहून विमानाने आलीस तेव्हा सगळं संपलं होतं.

आता आजचा फोन. पीटर मास्तरांनी सुरुवातीलाच तोच प्रश्न विचारला. "मिस्टर वसंत, तुम्ही रागावलात का?" या वेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. मग ते स्वतःच सांगू लागले. त्या उन्हाळ्यात नदीला पूर आला आणि नंतर गावात तापाची साथ पसरली. मुलं आजारी पडली. दवाखान्याची होडी आली नाही. आईने आपल्या गोळ्या पोरांना वाटून दिल्या आणि डबी रिकामी करून विमानात बसली. मी म्हणालो, हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, "हे सांगायलाच मी दोन वर्षांपूर्वी फोन केला होता. तुम्ही म्हणालात, कोणाचा दोष नाही, थँक यू. मी गावात काय सांगणार? की तिच्या माणसाला राग नाही? ज्याला राग नाही, त्याची ती कोणीच नव्हती, असं होतं आमच्यात."

मी खुर्चीत बसलो. ते पुढे बोलतच होते. काओरा आजी, जिच्या घरात आई राहायची, तिने आई गेल्याचं कळल्यापासून नारळ तोंडात घातलेला नाही. आपल्याकडे काशीला जाऊन एखादी आवडती वस्तू सोडतात तसं. पण हे कायमचं सोडलेलं नाही, मी जाईपर्यंतचं आहे. शिवाय आईचं तिथलं नाव. ती गावात पहिल्यांदा गेली तेव्हा काओरा आजीच्या घराच्या शिडीवर टेप-रेकॉर्डर घेऊन बसून राहिली, म्हणून त्यांनी तिला तेच नाव दिलं. त्यांच्या भाषेतला शिडीला असलेला शब्द. तो मला येतो, पण इथे लिहीत नाही. का लिहीत नाही ते मलाही नीट सांगता येणार नाही. तर तो शब्द गावात दोन वर्षं बंद आहे. घरं सगळी खांबांवर. प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा शिडी चढतो आणि म्हणतो, "ते चढायचं" किंवा "ते पायाखालचं". जी मुलं आत्ता बोलायला लागली आहेत त्यांना तो शब्दच माहीत नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. खरा, तोंडातून बाहेर पडेल असा. मी म्हणालो, मास्तर, ती सगळे उन्हाळे तुमच्या गावात घालवून तुमचे शब्द गोळा करत होती. स्वतःची पोर इकडे टाकून. आणि तुम्ही तिच्याच नावाचा शब्द टाकून दिलात? माझा आवाज वाढला होता. पलीकडून पीटर मास्तर म्हणाले, "टाकला नाही, मिस्टर वसंत. ठेवला आहे. तुम्ही आलात की देऊ." मग म्हणाले, "आता तुम्ही बरोबर बोलताय. असंच या." त्यांच्या आवाजात आनंद होता. मी त्यांच्यावर ओरडत होतो आणि त्या माणसाला आनंद झाला होता. काओरा आजी फार थकली आहे, ऑगस्टमध्ये या, असं ते म्हणाले आणि लाइन तुटली.

मी चार वाजेपर्यंत त्या खुर्चीत बसून होतो. तेवढ्यात मुरलीधरकाका आले. त्यांच्या रुपेशला नोकरी लागली, त्याचे पेढे. ते वाईट माणूस नाहीत. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझ्याबरोबर तेच होते. मी त्यांना फोनचं सांगितलं. ते दारातच चप्पल घालता घालता म्हणाले, "वसंतराव, तुम्ही लागू नका हं त्या नादाला. पुन्हा फोन आला तर सांगा, खलास, राँग नंबर. अहो, दीडशे लोकांची भाषा, उद्या बंद पडली तर कोणाला कळणार आहे? त्यापायी वहिनी उगाच गेल्या." उगाच. मी त्यांना म्हणालो, काय म्हणालात? ते म्हणाले, "मी आपलं तुमच्या भल्याचं सांगतोय." मग मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं आठवत नाही. ती उगाच कुठेच गेली नाही, हे ओरडलो. चहा प्यायला याल तर तिच्याबद्दल विचारा, माझ्या शांतपणाबद्दल बोलू नका, हेही. आणि खोका फेकला. काका जाताना एवढंच म्हणाले, "अहो, पेढे होते ते."

त्यांची माफी मी मागेन. उद्या नाही, पण मागेन. आज मला एवढंच कळलं की राग संपलेला नाही, आणि ज्यांना तो हवा आहे अशी दीडशे माणसं या जगात आहेत. इथे कोणालाही तो नको आहे. इथे सगळ्यांना मी शांत हवा आहे, म्हणजे त्यांना लवकर घरी जाता येतं.

तिथे जाऊन मला केळी तोडता येतील का, माहीत नाही. मी पंपाचं आणि पाइपचं काम करणारा माणूस. कुंपण मोडण्यापेक्षा दुरुस्त करायला हात आधी जाईल. पण ओरडता येईल, हे आज समजलं. कठीण आहे ते शेवटचं. नाव मी घ्यायचं आहे. आयुष्यात मी ते एकदाच चारचौघांत घेतलं. लग्नात, उखाण्यात, तेही इतक्या हळू की मागच्या बायका ओरडल्या, ऐकू आलं नाही, परत घ्या. त्यानंतर आयुष्यभर मी 'अगं' म्हणालो आणि ती 'अहो' म्हणाली. त्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवर पेशंटचं नाव विचारलं तेव्हा मी नुसता पासपोर्ट पुढे केला. तू लिहिलंस की बाबा तिचं नाव घेत नाहीत. बरोबर लिहिलंस. मला ते घेता आलं नाही, ती असतानाही नाही.

म्हणून हे पत्र लिहितो आहे, केया. मी ऑगस्टमध्ये सिरुमेला जाणार आहे. तू माझ्याबरोबर ये. रीतीप्रमाणे मुलांनीही यायचं असतं, आणि रागावून यायचं असतं. तू माझ्यावर रागावलेली आहेस, आईवर रागावलेली आहेस, सगळे उन्हाळे सांगलीत काढावे लागले म्हणून रागावलेली आहेस. तो राग पुण्याला ठेवून येऊ नकोस, सगळा घेऊन ये. तिथे इंग्रजीत ओरडलीस तरी चालेल, पीटर मास्तर सगळ्यांना समजावून सांगतील. मला फक्त एक मदत हवी आहे. नाव घ्यायची वेळ आली आणि माझा आवाज बसला, तर तू माझ्याबरोबर घे. दोघांनी मिळून घेतलं तर मागच्यांनाही ऐकू जाईल. लिहायला तरी जमतंय का ते आज बघतो. उर्मिला. जमलं. आता इथे घरात एकदा मोठ्याने म्हणून पाहीन, पण आधी खाली जायला हवं. पेढे जिन्यावर तसेच पडले आहेत, मुंग्या लागतील. झाडू आणि सुपली घेतो, आणि वरच्या पायरीपासून एक एक करत खाली झाडत जातो.

तुझाच,
बाबा